मुकी लुना

बारामतीहून इंदापूर म्हणजे फार तर पन्नास-बावन्न किलोमीटर. एस्टीत खिडकीजवळची जागा मिळाली तर एक डुलकी काढावी, जाग आली की निमगाव केतकीचे पानमळे दिसावेत, आणि पिशवी सावरीपर्यंत इंदापूर यावे, एवढाच हा प्रवास. घरच्या ओढीने मी तो शेकडो वेळा केला आहे. पण त्यात लिहिण्याजोगे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या मे महिन्यात मात्र याच रस्त्याला आम्हांला सबंध दिवस लागला. पिकअपच्या पुढल्या बाकावर चालक, मी आणि ऐंशी ओलांडलेले माझे वडील. मागे ताडपत्रीखाली, दोरीने आवळून बांधलेली, चाळीस वर्षांची लुना. आणि आणखी एक प्रवासी गोणपाटात गुंडाळून वडिलांच्या पायांशी ठेवलेला होता. त्याच्याविषयी पुढे सांगेन, कारण घरात जे भांडण झाले ते त्याच्यावरूनच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते प्राथमिक शिक्षक. १९८४ साली शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी ही निळी लुना घेतली, तेव्हा आमच्या वस्तीवर पेट्रोलवर चालणारे ते पहिलेच वाहन होते. पुढे मी उभा, मधे अण्णा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, असे आम्ही निमगावच्या बाजाराला जात असू. थोरला दादा मागून चालत येई. कारण चौथे माणूस बसले की लुना चढ चढत नसे. या अन्यायाची दादा अजून आठवण करून देतो. चढ फारच उभा असला, तर अण्णा चालत्या गाडीवर पेडल मारू लागत. गाडीने माणसाला न्यावे आणि अडल्या ठिकाणी माणसाने गाडीला हात द्यावा, असा तो व्यवहार होता. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली ती १९७२ साली. पन्नास सीसीचे इवलेसे इंजिन, पेट्रोलमध्ये मोजून मिसळायचे तेल, गियर नाहीत, क्लच आपोआप धरणारा. मूळ बांधणी इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ नावाच्या मोपेडची; तिचा परवाना घेऊन ही आपल्याकडे आली. मी भाषेचा मास्तर असल्यामुळे यंत्राआधी नावाकडे माझे लक्ष जाते. इटालियनात लुना म्हणजे चंद्र. चाओ म्हणजे आपला रामराम. भेटतानाही म्हणायचे आणि निरोप घेतानाही. त्या शब्दाचे मूळ ‘मी तुमचा दास’ या अर्थाच्या बोलात आहे. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतला ‘दासानुदास’ इटलीत जाऊन दोन चाकांवर बसला, म्हणा ना! आणि गंमत अशी की त्याच पियाजिओने पुढे आमच्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतच कारखाना काढला. ‘आपे’ नावाची तीनचाकी गाडी तिथे बनते. आपे म्हणजे इटालियनात मधमाशी, आणि २०१२ पासून तिथे बनू लागलेली ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. आमच्याकडच्या बायाबापड्यांना मात्र आपे म्हटले की आप्पेपात्रच आठवते.

असो. तर या लुनाचा एक विशिष्ट आवाज होता. दुरून तो एखाद्या मोठ्या भुंग्यासारखा वाटे. जवळ आला की त्यात एक खडखड मिसळे. शाळा सुटल्यावर अण्णा ओढ्यावरच्या फरशीपुलाशी आले की आई हातातले काम टाकून चुलीवर चहाचे आधण ठेवी. फरशीपुलापासून अंगणापर्यंत लुनाला जेवढा वेळ लागे, तेवढाच आधण यायला लागे. आम्ही पोरे त्या आवाजाने खेळ थांबवून पाटी-दप्तर काढून बसत असू. चार मोटारसायकली एकदम गेल्या, तरी आईला त्यांतली आपली लुना ओळखू येई.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. दादा आणि वहिनी शेतावरच असतात. पण अण्णांना तिथे करमेना, म्हणून मी त्यांना बारामतीला आणले. ते आले ते लुना घेऊनच. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली ती उभी राहिली. नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली, टायरांना भेगा, आणि इंजिनाने तर प्राणच सोडलेला. नवे पेट्रोल तिला मानवले नाही. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, आणि इथेनॉलपुढे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, मऊ पडतात. शिवाय गाडी उभीच राहिली की ते हवेतला ओलावा ओढून घेते. हे इथेनॉल उसापासूनही होते, आणि ऊस आमच्याच शेतातला! आम्ही पिकविलेल्या उसाने आमच्याच लुनाचा गळा धरला, हे काही मला अण्णांना सांगवेना. ते दर रविवारी तिला पुसत. इंजिनावरून तर जुन्या धोतराचा मऊ तुकडा फिरवीत. सोसायटीच्या सभेत ‘जिन्याखालील भंगार’ असा विषय निघाला, तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ तिला पुसले, एवढेच.

आणि इथे माझ्या डोक्यात किडा शिरला. विजेवरच्या वाहनांचे वारे आता सगळीकडेच वाहते. आमच्या शेजारी फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्थेत, अनिल राजवंशी यांनी विजेवर चालणाऱ्या सायकलरिक्षाचे काम हे वारे सुटण्याच्या कितीतरी आधी केले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द लुनाच विजेची होऊन नव्याने बाजारात आली. मी अण्णांना तिचे चित्र दाखविले. त्यांनी चष्मा वर करून ते पाहिले आणि म्हणाले, “छान आहे. पण ही कुणाची?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. तेव्हा नवी घेण्यापेक्षा आहे तीच विजेवर करावी, असे मी मनाशी ठरविले. अण्णा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर पुण्याला माझ्या बहिणीकडे गेले, तेवढ्यात हे उरकायचे आणि ते परत आले की त्यांना चकित करायचे! माणूस चाळिशी ओलांडला म्हणजे शहाणा होतो, ही समजूत खोटी आहे.

औद्योगिक वसाहतीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री हे काम करतो, असे कळले. मी लुना ढकलत त्याच्याकडे नेली. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, सीट दाबून पाहिली आणि निकाल दिला, “सर, सांगाडा अस्सल हाय. आतलं तेवढं काढून टाकू.” आतले म्हणजे इंजिन, कार्ब्युरेटर, टाकी, सायलेन्सर. तो इतक्या सहजपणे म्हणाला की मीही मान हलविली.

पुढचे पंधरा दिवस कॉलेज सुटले की मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून असे. मागच्या चाकाचे आरे सोडवून मिस्त्रीने त्याच्या मध्यभागी थाळीएवढी जाड मोटार बसविली. या मोटारीचा उलटा न्याय मला फार आवडला. घरच्या पंख्याच्या मोटारीत वेटोळी असतात, तशी हिच्यातही तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. पण ती आसाला जखडलेली. बाहेरच्या कड्याला आतून लोहचुंबक चिकटविलेले. वेटोळ्यांतून आळीपाळीने वीज सोडली की चुंबक तिच्यामागे धावतात आणि चाकच फिरते. साखळी नको, पट्टा नको. आळीपाळी ठरविणारी एक डबी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. मूठ पिळली की तिला इशारा जातो, ब्रेक दाबला की वीज तुटते. जिथे इंजिन होते तिथे पत्र्याची पेटी, आणि तिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचे, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे, पंधरा घट एकामागे एक जोडलेले. एकूण ४८ व्होल्ट, वीस अँपिअर-तास. म्हणजे आपल्या लाइटबिलाच्या भाषेत पुरते एक युनिटही नाही. मी पुन्हापुन्हा हिशेब करून पाहिला. एक लिटर पेट्रोलात साधारण नऊ युनिटांएवढी उष्णता असते. पण लुनाचे इंजिन तिच्यातली बहुतेक धुरावाटे आणि तापण्यात घालवी. मोटारीचे तसे नाही. एका युनिटाला थोडी कमी अशा शिदोरीवर, सावकाश गेले तर, चाळीसेक किलोमीटर जाता येईल, असे मिस्त्रीने सांगितले.

पहिल्या चाचणीला मात्र गमतीचा प्रकार झाला. शेडच्या अंगणात मिस्त्रीने मूठ पिळली, ‘कट्’ असा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी उभी! चाकाऐवजी आसच आपल्या खाचेत गरकन फिरला होता आणि त्याने मोटारीत जाणाऱ्या तारा दोरीसारख्या पिळून तोडल्या होत्या. लुनाची खाच पातळ पत्र्याची. इंजिन असताना आसावर एवढा जोर येतच नसे, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. मग पोलादाची जाड पट्टी कापून, एका टोकाने आसाला आणि दुसऱ्या टोकाने सांगाड्याला घट्ट बसविली. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, “फिरायचं कुणी आन धरून ऱ्हायाचं कुणी, हे आधी ठरवाय पायजे.” पेडले मात्र मी हट्टाने तशीच ठेवायला लावली.

अण्णा परत आले. एक डोळा नवा झालेला. मी त्यांना हाताला धरून जिन्याखाली नेले. रंग दिलेली, नव्या टायरांची लुना त्यांनी पाहिली. तोंडभर हसतील असे मला वाटले होते. ते हळूच गुडघ्यावर बसले, पत्र्याच्या पेटीवर त्यांनी बोटे फिरविली आणि विचारले, “इंजिन कुठाय?”

“मिस्त्रीकडं असेल. आता त्याचं काही काम नाही, अण्णा.”

“मला विचारलं होतंस?”

मी गप्प राहिलो. विद्यार्थ्यांना आपण किती सहजपणे विचारतो, कोणाला विचारून केलेस म्हणून! ते उठले, आणि जिन्याकडे जाता जाता, जणू स्वतःशीच, म्हणाले, “त्याच्या आवाजावर ती चहा ठेवायची रे.”

मी स्कूटर काढून सरळ शेड गाठली. इंजिन आदल्याच दिवशी भंगारात गेले होते. माझ्या बिलातून चारशे रुपये वजा करून मिस्त्रीने ते रीतसर विकले होते, आणि मी त्या बिलावर सहीही केली होती. भंगारवाल्याच्या अंगणात, पंख्यांच्या पात्यांत आणि गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगात ते मला सापडले. माझा चेहरा पाहून त्याने भाव चढविला. मी नऊशे रुपये मोजले. पाचशे रुपयांत एवढे शिकायला मिळाले, ही काही महागडी फी नव्हे. पण घरी मात्र मी तिनशेच सांगितले.

ते इंजिन अण्णांनी गोणपाटात गुंडाळून आपल्या खाटेखाली ठेवले. आठ दिवस लुनाचा विषय निघाला नाही. नवव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, “तिला वस्तीवर नेऊन ठेवू. इंजिनासकट.”

माझा बेत होता की बारामती ते इंदापूर हा रस्ता आपण लुनावरूनच करावा. मी पुढे, अण्णा मागे. माझा एक जुना विद्यार्थी वाहननिरीक्षक आहे. त्याने अतिशय आदराने माझ्या बेतावर पाणी ओतले. नोंदलेल्या गाडीत परवानगीवाचून असा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यासाठीच आहे. पेट्रोलची गाडी विजेवर करता येते, पण त्यासाठीचा सारा संच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मान्य झालेला हवा, तो अधिकृत माणसाने बसवायला हवा, आणि मग नोंदणीच्या पुस्तकात तसे लिहून घ्यायला हवे. मी म्हटले, “अरे, अडीचशे वॉटच्या आतल्या आणि ताशी पंचवीसच्या आत धावणाऱ्या गाड्यांना नोंदणी लागत नाही ना?” तो हसला. “सर, त्या सवलतीलाही गाडीच्या नमुन्याला आधी मंजुरी लागते. मिस्त्रीच्या अंगणात मंजुरी मिळत नाही. शेतातल्या शेतात चालवा, रस्त्यावर नको.” माझ्याच विद्यार्थ्याने माझा पेपर तपासून नापास केला, आणि गुण बरोबर दिले होते! आसाचा तो ‘कट्’ आवाज भर रस्त्यात, अण्णा मागे बसलेले असताना झाला असता तर, असा विचार मनात आला, आणि मी पिकअप ठरविला. विजेवरची लुना डिझेलच्या गाडीतून निघाली.

पहाटे आम्ही निघालो. बारामतीची ओळख हल्ली बाहेरच्या लोकांना राजकारणावरून असते. मराठीच्या मास्तराला ती कऱ्हेकाठच्या मोरोपंतांची. अठराव्या शतकात पंतांनी इथे बसून एकशे आठ रामायणे रचली, असे आपण शिकवितो. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ओठ ओठाला न लागता म्हणता येईल असे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. ‘राम’ या नावातलाच म गेला, तरी कथा चालली पाहिजे! वर्गात हे सांगताना मी आजवर पंतांच्या हौसेला थोडा हसत आलो आहे. त्या पहाटे, पायांशी गोणपाट धरून बसलेल्या अण्णांकडे पाहून, मला ते हसू आले नाही.

काटेवाडीशी अण्णांनी गाडी थांबवायला लावली. तुकोबांची पालखी बारामतीहून याच वाटेने इंदापूरला जाते. काटेवाडीत परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला घोड्याचे गोल रिंगण. आता हा रस्ता रुंद पालखी महामार्ग झाला आहे, आणि ज्या वळणांवरून आपण गावे ओळखत होतो त्यांतली बरीचशी सरळ होऊन गेली आहेत. अण्णा दर वर्षी पालखीच्या दिवसांत लुनाला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधून दिंड्यांना पाणी देत फिरत. “इथंच कुठंतरी एक म्हातारी दमून बसली होती,” ते म्हणाले. “म्हटलं, आजी, बसा मागं, मुक्कामापर्यंत सोडतो. ती म्हणाली, बसायचं असतं तर येष्टीनं नसते का आले? पाणी तेवढं प्याली. मी पुढं निघालो तर ओरडली, गुरुजी, तुमची गाडी लई बडबड करती, हरिनाम ऐकू येईना!” हे सांगताना अण्णा बऱ्याच दिवसांनी हसले.

भवानीनगरला साखर कारखान्याचे धुराडे थंड होते. मे महिन्यात गाळप कुठले! हा सारा मुलूख नीरा डाव्या कालव्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवा आला, ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला, उसामागून कारखाने. हंगामात त्यांच्या वाटेला लागलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग पाहिली आहे त्याला इंधन म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. अनेक कारखाने आता उसाच्या चिपाडावर वीजही करतात. म्हणजे लुनाच्या पेटीत भरलेल्या विजेत कोळशाबरोबर थोडासा ऊसही असणारच. उसाने गळा धरला असे मी मघाशी म्हटले, ते एवढ्यापुरते मागे घेतो.

लासुर्णे मागे टाकून जंक्शनला चहाला थांबलो. होय, गावाचेच नाव जंक्शन. इथे आज आगगाडी नाही, फलाट नाही. वालचंदनगरकडे फाटा फुटतो. शेठ वालचंद हिराचंदांनी १९३० नंतरच्या दशकात तिकडे माळरानावर साखर कारखाना उभारला, त्याचे पुढे कारखानदारीचे नगर झाले. ज्या गृहस्थांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढून देशात मोटारी बनविण्याचा घाट घातला, तेच हे. अण्णांनी ऐन तारुण्यात तिथल्या कारखान्यात नोकरीसाठी अर्ज केला होता, हे मला त्या चहाच्या टपरीवर प्रथम कळले. “यंत्राचं वेड होतं. नाही मिळाली. मग मास्तर झालो.” चाळीस वर्षे प्रत्येक रविवारी स्पार्क प्लग काढून काजळी खरवडणारा माणूस मी पाहत आलो होतो, तो काटकसरीने मिस्त्रीचे पैसे वाचवितो आहे, अशीच माझी समजूत. मला चहा गोड लागेना.

चालकाने विचारले, “गुरुजी, पायाशी काय घेतलंय?” अण्णांनी गोणपाट उलगडून दाखविले. तिथल्या तिथे बाकावर त्यांनी त्याला आणि टपरीवाल्याच्या पोराला पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठे पडते, धूर कोठून जातो, हे समजावून सांगितले. तीन-चार आप्यांचे चालकही येऊन उभे राहिले. पाऊण तास गेला. मला मधे बोलण्याची छाती झाली नाही. त्यांना वर्ग घेताना मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

अंथुर्णे, शेळगाव, गोतोंडी करीत निमगाव केतकीला पोचलो, तेव्हा उन्हे उतरत होती. पानमळ्यांची गर्द हिरवी सावली रस्त्याच्या कडेला दिसू लागली की घर आले. वस्तीवर दादाने आणि चालकाने लुना उतरविली. आमच्या घरापासून विहिरीपर्यंत शेतातूनच एक वाट जाते, पाऊण किलोमीटरची. ती आमचीच, तेव्हा वाहननिरीक्षकाचीही हरकत नव्हती.

अण्णा बसले. सवयीने त्यांनी पेडलवर पाय दिला, दोन वेढे मारले आणि आवाजाची वाट पाहत थांबले. आवाज झाला नाही. “मूठ पिळा, अण्णा,” मी म्हटले. त्यांनी पिळली आणि लुना निघाली. चुलीतल्या निखाऱ्यावर फुंकर घालावी तेवढाच काय तो आवाज. बांधावरचे बगळे गाडी अगदी जवळ येईपर्यंत उडालेच नाहीत. ऊस आणि डाळिंबाची रोपे यांच्यामधून त्यांची पांढरी टोपी दूरवर जाताना दिसत होती. मी आणि दादा मागून धावत निघालो. पुढे ते विहिरीपाशी वळताना तोल जाईल की काय या भीतीने मी हाक मारणार, तोच दादाने माझा दंड धरला.

ते वळले आणि आमच्या बाजूने निघून गेले. आमच्याकडे पाहिलेही नाही.

आम्ही चालत अंगणात पोचलो तेव्हा अण्णा ओट्याशी लुना लावून उभे होते, आणि वहिनी दारात ओशाळून उभ्या होत्या. “अहो, तुम्ही आलात कधी? मला कळलंच नाही. चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाही मी.”

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी गोणपाटातले इंजिन काढले, माजघरात आईची शिलाईची पेटी असते त्या फळीवर ठेवले, आणि खाली कापड अंथरायचे राहिले म्हणून पुन्हा उचलून अंथरले. मग ते बाहेर येऊन म्हणाले, “इंदापूरला जायचंय. दुकानं बंद व्हायच्या आत.”

युरोपात विजेच्या नव्या मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज करायला लावणारा नियम २०१९ पासून लागू होऊ लागला, कारण रस्त्यावरच्या माणसांना, विशेषतः अंधांना, त्या आल्याचे कळत नाही. मी हे पिकअपमध्ये अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “मग त्यांना कळलं तर.”

इंदापुरात मालोजीराजांच्या गढीच्या अलीकडे बाजारपेठेत एक सायकलचे दुकान उघडे मिळाले. दुकानदाराने चार घंट्या पुढे टाकल्या. प्लास्टिकच्या दोन अण्णांनी न वाजविताच बाजूला सारल्या. तिसरी वाजविली, कान लावला, मान हलविली. चौथी मोठी, पितळेची, जुन्या साठ्यातली होती. दुकानदाराने फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडविली. अण्णांनी ती एकदा वाजविली आणि मला म्हणाले, “तू जरा त्या कोपऱ्यापर्यंत जा बरं. ऐकू येतंय का सांग.”

मी कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून ओरडून सांगितले, येते आहे म्हणून. त्यांनी हाताने खूण केली, आणखी लांब जा.